व्याह्याच्या ताटातलं डुक्कर

लग्नानंतरच्या पहिल्या दोन आखाज्यांना मला माहेरी जाता आलं नाही आणि त्याला कारण एक डुक्कर होतं. नेमकं सांगायचं तर डुक्कर नसणं हे कारण होतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या मुलखात त्या दिवशी मुहूर्त बघतात. आमच्या खानदेशात त्या दिवशी पोरी माहेरी येतात. निंबाच्या झाडांना झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी करतात, बाप्ये दिवसभर पत्ते कुटतात आणि त्यांना कोणी बोलत नाही. वर्षभर सासरी राबलेल्या बाईला त्या चार दिवसांत कोणी काम सांगायचं नाही, असा रिवाज. ज्या घरची पोर आली नाही त्या घराकडे सगळी आळी बघते, आणि बघून झालं की विचारते.

माझं माहेर धुळ्याचं. वडील कचेरीत कारकून होते. मला दिली ती चाळीसगावकडच्या एका खेड्यात, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. घरात माणसं मोजकी. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, सासू, माझा नवरा आणि मी. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद, धुळ्याच्या रेल्वेलाइनवरच्या एका गावात दिलेली. जमीन बऱ्यापैकी होती. कापूस, ज्वारी, भुईमूग आणि विहिरीच्या पाण्यावर थोडी केळी. धुळ्यात आम्ही शुद्ध बोलायचो, इथे आल्यावर पहिले महिनाभर मला सासूचं बोलणं अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं कळायला लागल्यावर मी थोडी खट्टूच झाले.

तर डुकराविषयी. आमच्या सासरी गावातलं डुक्कर वर्ज्य आणि रानडुक्कर चालतं. चालतं म्हणजे बाप्यांना चालतं. ते घराबाहेर, खळ्यात, तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचं. शिजवणारे बाप्ये, वाढणारे बाप्ये, खाणारे बाप्ये. त्याची भांडी वेगळी आणि ती गोठ्यात टांगलेली. बायकांनी त्याला हात लावायचा नाही, ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणि खाऊन आलेल्याने अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. वाऱ्याबरोबर नुसता वास आला तरी सासू पदर नाकाला लावून देवघरात जाऊन बसायची. असं का, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आमनाकडे असंच शे." एवढ्यावर विषय संपला. मी तोवर गटारीतलं सोडून दुसरं डुक्कर बघितलं नव्हतं, त्यामुळे माझीही तक्रार नव्हती.

नणंदेच्या सासरशी भांडण झालं ते माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच्या आखाजीला. नवऱ्याने मला ते इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. नणंदेचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, सुनेला माहेरी पोचवायला स्वतः आले आणि मुक्कामाला राहिले. आखाजीच्या दिवशी पितरांचं जेवण असतं, मांसमच्छी नसते. दुसऱ्या दिवशी मात्र मंडळी मोकळी. त्या वर्षी नशिबाने डोंगरातल्या डबक्यापाशी एक डुक्कर मिळालं. नशीब लहान होतं, डुक्करही लहान होतं. आमच्याकडे शिकारीचे वाटे ठरलेले असतात. ज्याचा भाला आधी लागला त्याला डोकं, हाकारे घालणाऱ्यांना एवढं, ज्यांनी आणलं त्यांना तेवढं, कुत्र्यांनासुद्धा काही असतं. आबा रिवाजाचे पक्के. त्यांनी सगळ्यांचे वाटे चोख दिले. व्याही ताटावर बसेपर्यंत पातेल्यात नुसता रस्सा उरला होता.

व्याह्यांनी भाकरीच्या तुकड्याने रस्सा ढवळून बघितला. तळापर्यंत बघितला. मग विचारलं, "बठ्ठं मास कथा गयं?" म्हणजे सगळं मास गेलं कुठे.

इथे दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. आबांनी कोणता भाग कोणाला गेला ते क्रमाने सांगितलं. कुत्रीही सांगितली. व्याही उठले, हात धुतला आणि सुनेला परत गाडीत बसवलं. ती आदल्या दिवशीच आली होती. गाडीत बसल्यावर ते आबांना म्हणाले, "मना ताटमा डुकरना वाटा पडी, तवय तुमनी अंडेर माहेरले यी. आखाजीलेच यी, आनि वाटा बी आखाजीलेच पडाले पाहिजे." म्हणजे त्यांच्या ताटात डुकराचा वाटा पडेल तेव्हाच आमची अंडेर, आमची लेक, माहेरी येणार, आणि दोन्ही आखाजीलाच.

ऐकायला ही अट फार अवघड वाटत नाही. पण रानडुक्कर उभ्या पिकात येतं. पावसाळ्यापासून होळीपर्यंत ते भुईमूग उकरतं, केळीचे बुंधे पाडतं, तेव्हा ते मिळतं. आखाजीला रान उघडं पडलेलं असतं. तेव्हा डुक्कर डोंगरात खोल कुठेतरी सावलीला पडून राहतं, आणि त्याला खाली येण्याचं काही कारण नसतं. हे व्याह्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते स्वतः शेतकरी होते.

पुढच्या माघात माझं लग्न झालं. पहिल्या आखाजीला मला न्यायला भाऊ आला. मुलीला माहेरी न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात, आणि त्याचा मोठा मान असतो. सासूने त्याला जेवू घातलं, पाहुणचारात काही कमी केलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनी अंडेर यी, तवय तू जाय." भाऊ केळ्यांचा एक घड घेऊन परत गेला. त्याला वाटलं असेल गंमत आहे. मलाही आधी तसंच वाटलं.

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर तो राग आठवला की मला अजूनही बरं वाटतं. तिची पोर अडकली म्हणून तिने मला अडकवलं. तिला असं वाटत होतं की एका दारातून एक पोर बाहेर गेली आणि दुसरी आत आलीच नाही, तर घर रिकामं होईल. मी घरात होते, पण मी त्यात धरलेली नव्हते. मी तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या घरात सगळे कामापुरतंच बोलायचे.

त्या वर्षी आबा आणि गावातले चार जण आखाजीच्या आधी डोंगर पालथा घालून आले. एक साळिंदर मिळालं. आबांनी व्याह्यांकडे माणूस पाठवून विचारलं की साळिंदर चालेल का. त्या माणसाला चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही.

दुसऱ्या वर्षी आबांना युक्ती सुचली. डुक्कर होळीला मिळतं आणि लागतं आखाजीला, तर मधले दिवस ते टिकवायचं. विचार बरोबर होता. तो तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं.

आमच्या वाडग्यात केळी पिकवायची एक खोली होती. बिनखिडकीची, मातीची, बुटक्या दाराची. आत केळीच्या पानांवर हिरवे घड रचायचे, फुटक्या माठात शेण्या धुमसत ठेवायच्या, दार लावून फटी शेणामातीने लिंपायच्या. आतल्या आत धूर आणि ऊब कोंडते आणि केळी पिवळीधमक होतात. पिकली की ती पाटीत घालून चाळीसगावच्या स्टेशनवर विकायला जायची. आबांनी आयुष्यभर हे काम केलं होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. ते म्हणाले, "केळं धुरमा पिकस. मंग मास काबरं नही?"

होळीच्या सुमाराला मिळालेल्या डुकराची मागची तंगडी त्यांनी मीठ-हळद चोळून त्या खोलीत टांगली. धूर वाया जाऊ नये म्हणून खाली केळीचे घडही रचले. दार लिंपलं. नवऱ्याने विचारलं, किती दिवस ठेवायचं. आबा म्हणाले, केळ्याला लागतात तेवढे.

दार उघडलं तेव्हा मी अंगणात होते. आबा आत डोकावले आणि त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं. मास पिकलं होतं. कोंडलेल्या उबेत, ओल्या हवेत ते जसं पिकायला पाहिजे तसं पिकलं होतं. तंगडी पुरली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि कुत्री दोन दिवस त्या बाजूला गेली नाहीत.

केळी मात्र दिसायला सुरेख झाली होती, म्हणून ती स्टेशनवर गेली. चार दिवसांनी स्टेशनवरचा केळीवाला स्वतः पाटी घेऊन आमच्या दारात आला. तो याआधी कधी गावात आला नव्हता. तो म्हणाला, उतारू केळं सोलतात, वास घेतात, मग केळ्याकडे न बघता माझ्याकडे बघतात. ती केळी आम्ही म्हशीपुढे टाकली. म्हशीने तोंड फिरवलं.

दुसऱ्या आखाजीला भाऊ पुन्हा आला. पुन्हा जेवला. त्याला पुन्हा केळ्यांचा घड दिला, तो त्याने गाडीत ठेवायच्या आधी हुंगून बघितला. निघताना मला म्हणाला, "तुला आणायला मी आता येत नाही. रिकामं परत जायला लाज वाटते." मी म्हटलं, "नको येऊस." त्याचं बरोबर होतं. मी रात्री पोटभर रडले आणि सकाळी भाकऱ्या थापल्या.

तिसऱ्या वर्षी होळीच्या आगेमागे आमच्याच केळीत एक दांडगं डुक्कर पडलं. ज्याच्या रानात पडतं त्याचा वाटा मोठा. आबांनी फऱ्यासकट एक बाजू खळ्यात आणून ठेवली आणि केळीच्या खोलीकडे निघाले. तेव्हा सासू मागच्या दारात येऊन उभी राहिली. "त्या खोलीमा नही," ती म्हणाली. डुकराच्या बाबतीत त्या घरातल्या बाईने तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ असावी. आबा थांबले ते नवलानेच थांबले.

तिने मला बरोबर घेतलं आणि खळ्याच्या बांधावर जाऊन बसली. मासाकडे पाठ करून बसली. मला तोंड करून बसवलं. मी बघायचं आणि तिला सांगायचं, ती ऐकून आबांना सांगणार. अशा रीतीने आमच्याकडे डुक्कर मुरवायला सुरुवात झाली.

तिचं म्हणणं एवढंच होतं की हे कैरीच्या लोणच्यासारखं करायचं. तिचं लोणचं दोन-दोन वर्षं टिकायचं, आणि त्याबद्दल तिला बोलण्याचा हक्क होता. कोरड्या फडक्याने पुसा. हाडं काढा. बोट-बोट जाडीच्या लांब पट्ट्या कापा. खडे मीठ चोळा, लाज वाटेल इतकं चोळा. पाणी सुटू द्या, सुटलेलं पाणी फेकून द्या, वर दगड ठेवा, पुन्हा मीठ. दुसऱ्या दिवशी हळद, लसूण, लाल मिरची आणि कैरीचा कीस. प्रत्येक वाक्यानंतर ती मला विचारायची, "काय करी राहिनात?" मी सांगायची. आबा नेटाने करत होते. माझा नवरा नेटाने करतो आहे असं दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी मसाला चोळताना नवरा उठला, बैलांना पाणी दाखवून आला आणि तसाच मासात हात घालून बसला. मी सांगितलं, "त्यांचे हात ओले आहेत."

"वल्ला?" सासूने विचारलं.

मी हो म्हटलं. ती वळली. तिने मास बघितलं, नवऱ्याचे हात बघितले, आणि उठून पदर खोचला. "सरका बाजूले," ती म्हणाली. दोघंही सरकले. तिने पदराने हात कोरडे केले, परातीपुढे बसली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मासात घातले.

आबांनी तिला अडवलं नाही. ते दुसरीकडे बघत राहिले, जसं ती इतकी वर्षं बघत आली होती. ती प्रत्येक पट्टी उचलून तिला मसाला लावत होती, दाबत होती, उलटी करत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. बऱ्याच वेळाने, मला म्हणून नाही, कोणालाच म्हणून नाही, ती बोलली, "बारीक झायी म्हणतस ती. पार वाळी गयी म्हणतस."

नणंदेबद्दल बोलत होती. त्या गावावरून येणाऱ्या कोणाकडून तरी ऐकलं असेल. मला तिची दया आली, आणि दया आल्याचा मला राग आला. माझीही आई धुळ्यात कोणाकडून तरी काहीतरी ऐकत असेल, हे या बाईला कधी सुचत कसं नाही, असं वाटलं. तरी त्या दिवसापासून माझा राग निम्मा झाला. उरलेला मी जपून ठेवला.

काम झाल्यावर ती विहिरीवर गेली, डोक्यावरून बादल्या ओतून घेतल्या आणि मला म्हणाली, "कोनले सांगू नको." सगळं खळं बघत होतं, शेजारच्या खळ्यातलेही बघत होते. मी म्हटलं, नाही सांगणार.

धुराचीही वाट तिनेच काढली. बियाण्याची कणसं आम्ही चुलीच्या वर, आढ्याला टांगतो. धूर लागतो आणि निघून जातो, कीड लागत नाही, कणीस वाळतं. कोंडायचं नाही, हीच त्यातली गोष्ट. खळ्याच्या कोपऱ्यात नवऱ्याने कपाशीच्या काड्यांची एक खोपटी उभी केली, वर उघडी. दोरीवर पट्ट्या टांगल्या. खाली शेण्या आणि भुईमुगाची टरफलं धुमसत ठेवली. आबांनी मधेच औषधी म्हणून कडूनिंबाच्या डहाळ्या टाकायला घेतल्या, तेव्हा बांधावरून सासूचा आवाज असा आला की त्यांनी त्या डहाळ्या बैलाच्या पाठीवरच्या माशा हाकायला वापरल्या.

दिवसभर धूर, रात्री वर फडकं, सकाळी ऊन. पट्ट्या आकसल्या, तांबूस झाल्या, मग काळ्या झाल्या. गावातली कुत्री खोपटीभोवती बसून राहायची. गावातले बाप्येही काही ना काही कामाने तिकडून जायचे आणि उभे राहायचे. आबा अधूनमधून चव बघायचे. सासूने त्यांना एकदा सांगितलं की चव एकदाच बघायची असते. शेवटी पट्ट्या मिठाच्या थरांत मडक्यात भरल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं गोठ्यात टांगलं. त्याला वाईट वास येत नव्हता. मी धुळ्याची असून सांगते, चांगला येत होता.

आबांनी व्याह्यांना निरोप पाठवला, वाटा तयार आहे. या खेपेला होकार आला. "येसूत."

आखाजी झाली. पितरांचं झालं, आमरस झाला, आळीतल्या पोरी झोक्यावर बसल्या. मला न्यायला कोणी आलं नाही आणि कोणी येणारही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत व्याह्यांची गाडी आली. गाडीवर ताडपत्रीचा आडोसा होता आणि आडोशात नणंद होती. व्याही उतरले. ती उतरायला लागली तसं ते म्हणाले, "तू बस." अट ही अट होती. वाटा पडल्याशिवाय ती उतरणार नव्हती. बैलही सोडले नाहीत.

सासू आणि मी पुढच्या दाराआड उभ्या होतो. तिथून ताडपत्रीच्या खाली नणंदेचा एक पाय दिसत होता. सासू त्या पायाकडे बघत राहिली. तीन वर्षांनी पोर दारात आली होती आणि मधे एक ताट होतं.

व्याही ओट्यावर बसले. आबांनी खळ्यातून पातेलं आणलं. त्यांनी पट्ट्या निखाऱ्यावर भाजून काळ्या मसाल्याच्या रश्शात घातल्या होत्या, आणि जास्त शिजवलं तर विरघळेल या धास्तीने फार शिजवल्या नव्हत्या. त्यांनी वाढल्या त्या खोऱ्याने वाढल्यासारख्या वाढल्या. ताटात रस्सा दिसत नव्हता.

व्याह्यांनी एक पट्टी उचलून तोंडात घातली. गालाच्या एका बाजूला नेली. मग दुसऱ्या बाजूला नेली. मिशा हलत होत्या, पण पुढे काही होत नव्हतं. आबा बघत होते, नवरा बघत होता, ओट्याखाली आळीतले बघत होते. बराच वेळ गेल्यावर व्याह्यांनी ती पट्टी तोंडातून काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली. ती जशी गेली तशीच आली होती. तेव्हा मला त्यांचं तोंड आतून दिसलं. तीन वर्षांत त्यांच्या सगळ्या दाढा गेल्या होत्या. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते स्वतः तर सांगणार नव्हतेच.

ते म्हणाले, "हाई लाकूड शे. हाऊ वाटा नही." आणि हात धुवायला पाणी मागितलं.

नवऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला, कारण पाहुण्याने पाणी मागितलं होतं. तेवढ्यात सासू ओट्यावर आली. ती व्याह्यांपुढे कधी येत नसे, आली तरी डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत. त्या दिवशी पदर जिथे होता तिथे होता. तिने व्याह्यांच्या पुढचं ताट उचललं, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली, आणि पाट्यापुढे बसली.

मी तिच्या मागे आत गेले. तिने पट्ट्या पाट्यावर ठेवल्या, वर लसूण आणि भाजलेल्या मिरच्या टाकल्या आणि वरवंट्याने ठेचायला लागली. त्याच पाट्यावर देवाच्या नैवेद्याचं पुरण वाटलं जायचं. आदल्याच दिवशी पितरांसाठी वाटलं होतं. मास चिवट होतं, ते सहजी तुटत नव्हतं. ती गुडघ्यांवर उभी राहून, सगळं अंग लावून वाटत होती. तिच्या कपाळावरून घाम पाट्यावर पडत होता. मला म्हणाली, "तेल." मी तेल दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडते आहे, आणि माझ्या बाजूने रडते आहे का तिच्या, ते मला सांगता येणार नाही.

ठेचा मऊ झाला. तिने तो ताटात घातला, शेजारी ज्वारीची भाकरी कुस्करून ठेवली आणि ताट नेऊन व्याह्यांपुढे ठेवलं. मग मागे सरली नाही. तिथेच उभी राहिली.

व्याही ताटाकडे बघत बसले. ताट कुठून आलं ते त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या घरचाही रिवाज हाच होता. मग त्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. मान खाली घालून सगळं ताट संपवलं आणि बोटाने ताट पुसून घेतलं. हात धुऊन गाडीपाशी गेले आणि म्हणाले, "उतर, माय."

नणंद आत आली तेव्हा सासू परत स्वयंपाकघरात पाट्यापाशी जाऊन बसली होती. नणंद खरोखरच वाळली होती, गळ्याची हाडं दिसत होती. ती आईच्या गळ्यात पडायला वाकली आणि तिला पाटा दिसला. पाट्यावर मास होतं, वरवंट्याला चिकटलेलं होतं.

"माय व," ती म्हणाली, "पाटा बाटना ना."

"बाटू दे," सासू म्हणाली. "दगड शे. धुई टाकसू." आणि तिने तसेच माखलेले हात पोरीच्या पाठीवर ठेवले.

मी भिंतीशी उभी होते. त्या दोघींना बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. बऱ्याच वेळाने सासूने पोरीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. ती मला काही क्षण ओळखत नसल्यासारखं बघत होती. मग म्हणाली, "तू काय देखी राहिनी? गठोडं बांध. याहीनी गाडी जुपेल शे. सांजनी धुळानी गाडी सापडी."

मी लुगडंसुद्धा बदललं नाही. व्याही आम्हाला, मला आणि नवऱ्याला, स्टेशनपर्यंत घेऊन गेले. वाटेत ते फक्त एवढंच बोलले की मीठ जरा जास्त होतं.

धुळ्याला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर दारात माझी आई उभी होती. तिला कोणी निरोप दिला नव्हता, द्यायला वेळच नव्हता. मला बघून तिला नवल वाटलं नाही. तिने माझा हात धरला, गठोडं घेतलं आणि जावयाला पाणी द्यायला आत गेली. भावाने मला मागाहून सांगितलं. मी न आलेल्या दोन्ही आखाज्यांना ती सण संपेपर्यंत रोज संध्याकाळी, गाडीच्या वेळेला, अशीच दारात येऊन उभी राहायची, आणि यंदा मुराळी पाठवला नव्हता तरी उभी राहिली होती.